थिबा राजाचा वाडा आणि आमच्या घरातली एक सही



गेल्या डिसेंबरात आम्ही रत्नागिरीला गेलो, ते काही वाडा बघायला नव्हे. काम दुसरंच होतं. खाडीकाठच्या गावात आमच्या दादांचं जुनं घर आहे. ते पाडून तिथे नवं बांधायचं, असं चाचांनी कुवेतहून कायमचे परत आल्यावर ठरवलं होतं. आर्किटेक्टने नकाशा काढून दिला, कर्जाचं बोलणं झालं, आणि मग वकिलांनी सांगितलं की आधी कागद साफ करून घ्या. कागद साफ करणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेक घरांना ठाऊक आहे. फुपीकडून हक्कसोड पत्रावर सही घ्यायची.

फुपी आमच्या अब्बांची आणि चाचांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, सासर चिपळूणकडे. अब्बांचा इंतकाल होऊन सहा वर्षं झाली, म्हणून त्यांच्या जागी आम्ही भावंडं. चाचांनी फोन केला तेव्हा फुपी लगेच म्हणाली, "येते रे बाबा, कधी यायचं ते सांग." आम्हाला केवढं बरं वाटलं! लोकांच्या घरात यावरून कोर्टकचेऱ्या होतात आणि आमची फुपी बघा, असं आम्ही एकमेकांना सांगितलंही.

मुलांना सुट्टी होती, म्हणून सगळेच निघालो. पुण्याचे आमचे शेजारी काका-काकूही बरोबर आले. त्यांना कोकण बघायचं होतं. लहानमोठे मिळून अकरा जण आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. फुपीने चिपळूणला गाडीत बसताना सांदणांचा मोठा डबा वर चढवला आणि स्वतःची छोटी पिशवी मांडीवर ठेवली. त्या पिशवीत आधार कार्ड, दोन फोटो आणि चष्मा होता. सहीची तयारी करूनच ती आली होती.

कचेरीत गेलो तर त्या दिवशी आमचा नंबर लागेना. उद्या सकाळी या, असं सांगितलं. अकरा माणसं, हातात रिकामी दुपार. काकू म्हणाल्या, "रत्नागिरीला येऊन थिबा पॅलेस नाही बघायचा?" आम्ही कोकणातले, पण आमच्यातल्या निम्म्यांनी तो लांबूनच पाहिलेला. गाडी तिकडे वळवली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाडा उंचावर आहे. जांभा दगड आणि लाल विटांचं तीन मजली बांधकाम, वर उतरती छपरं, आणि अर्धगोलाकार लाकडी खिडक्या, त्यांच्यावर कोरीव काम. कोकणातल्या कुठल्याही श्रीमंताच्या घराशी त्याचं साम्य नाही, आणि इंग्रज साहेबाच्या बंगल्यासारखाही तो वाटत नाही. आत संगमरवरी फरशीचं मोठं दालन आहे. आता तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. मुलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावत होती, आणि चाचा खिडकीच्या चौकटीवर हात फिरवत म्हणत होते, "सागवान आहे. आता असं लाकूड कुठे मिळणार?" चाचा घर बांधायला निघालेले, त्यांना सगळीकडे लाकूड, विटा आणि चटई क्षेत्रच दिसत होतं.

हा वाडा ज्याच्यासाठी बांधला तो थिबा राजा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा. 1878 साली तो गादीवर आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं. लढाई जेमतेम दोन आठवडे चालली. राजाला, राणी सुपयालतला आणि दोन लहान मुलींना राजधानीतून बाहेर काढलं. राणी तेव्हा गरोदर होती. आधी त्यांना मद्रासला नेलं. तिथे तिसरी मुलगी झाली. एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं, आणि पुढच्या वर्षी चौथी मुलगी इथे जन्मली.

रत्नागिरीच का? तर तेव्हा इथे येणं सोपं नव्हतं म्हणून. रेल्वे नव्हती, ती तर 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर खऱ्या अर्थाने आली. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात समुद्राची वाटही बंद. आपण ज्याला आपलं सुंदर कोकण म्हणतो, ते इंग्रजांना एका राजाला लोकांच्या नजरेआड ठेवायला सोयीचं वाटलं.

हा वाडाही त्याला लगेच मिळाला नाही. आधीची चोवीस वर्षं तो दुसऱ्या बंगल्यांत राहिला. वाडा बांधून 1910 साली तो इथे राहायला आला आणि डिसेंबर 1916 मध्ये वारला. म्हणजे इतक्या मोठ्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. सरकारी तनखा पुरायचा नाही. बरोबर आणलेली माणकं, दागिने विकत विकत आणि कर्ज काढत संसार चालला. मायदेशी परत जायची परवानगी त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही.

आमची नववीतली भाची हे सगळं फोनवर वाचून दाखवत होती. मध्येच थांबून ती म्हणाली, "म्हणजे बहादूरशाह जफरचं उलट झालं!"

खरंच उलट. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी दिल्लीच्या लाल किल्ल्यात जफरवर खटला चालवला आणि 1858 मध्ये त्यांना रंगूनला पाठवलं. रंगून तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. वरच्या मंडालेत अजून ब्रह्मी राजा राज्य करत होता. 7 नोव्हेंबर 1862 रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, जफर तिथे वारले. त्याच दिवशी दफन झालं आणि जागा सपाट करून टाकली, लोकांनी तिथे जमू नये म्हणून. खरी कबर सापडली ती 1991 साली, खोदकाम चालू असताना. त्यांची बेगम झीनत महल रंगूनलाच 1886 मध्ये वारली, म्हणजे ज्या वर्षी थिबा राजाला रत्नागिरीत आणलं, त्याच वर्षी. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात. दोघांनाही आपल्या मातीत जागा मिळाली नाही. थिबा राजाचं शव तर परवानगीची वाट पाहत दोन वर्षांहून जास्त काळ इथेच ठेवलेलं होतं. शेवटी 1919 मध्ये रत्नागिरीतच त्याला पुरलं. राणीला नेऊ दिलं, नवऱ्याला नेऊ दिलं नाही.

फुपी एका खिडकीपाशी बसून ऐकत होती. गुडघे दुखतात म्हणून ती वरच्या मजल्यावर आली नव्हती. तिने विचारलं, "आणि मुली? चार मुली होत्या म्हणालीस ना? त्यांचं काय झालं?"

भाचीने शोधून सांगितलं. मुलींना राजघराण्यातलंच स्थळ हवं असा राजाचा आग्रह, आणि रत्नागिरीत ब्रह्मी राजकुमार कुठून येणार? थोरलीचे संबंध वाड्यावरच्या दरवानाशी जुळले. गोपाळ सावंत त्याचं नाव, आधीच संसारी माणूस. 1906 मध्ये त्यांना मुलगी झाली, टुटू. राजा गेल्यावर 1919 मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, तेव्हा थोरली राजकन्याही गेली; पण मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. 1947 साली ती इथेच वारली. टुटूने इथेच लग्न केलं, इथेच मुलंबाळं वाढवली, मराठी बोलत आणि गरिबीत दिवस काढत. 2000 साली ती गेली. राजाची नात, रत्नागिरीच्या गल्लीत.

"परत आली?" फुपी म्हणाली. "देश सोडून परत इथे? वाडा तर सरकारने घेतला असणार."

"वाडा कुठला, फुपी. गावातच राहिली कुठेतरी."

"मग घर तिचं नव्हतंच," फुपी हळूच म्हणाली. "पण येता-जाता बघता तर येत होतं."

आम्ही यावर काही बोललो नाही. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी मुलांना हाक मारली. काकू मात्र फुपीशेजारी जाऊन बसल्या. त्यांना आमच्या कामाबद्दल एवढंच माहीत होतं की कचेरीत काहीतरी सही करायची आहे. त्यांनी साधेपणाने विचारलं, "आत्याबाई, तुमची कसली सही आहे उद्या?"

"हक्कसोडीची."

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मीही केली आहे. माझे वडील गेले तेव्हा. भाऊ म्हणाले, ताई, फक्त एक सही. कायद्याने मुलीला बरोबरीचा हक्क मिळाला 2005 मध्ये. आमच्या घरात कागद 2009 चा. कायदा मला ठाऊक होता. पण माहेर तुटेल या भीतीने केली."

"फक्त एक सही." हेच शब्द आम्ही फुपीला फोनवर म्हटले होते. जसेच्या तसे. काकू बोलल्या आणि आम्हाला कुठे बघावं कळेना.

चाचा पलीकडे उभे होते. ते जवळ आले. "आपा, तू खुशीने देतेस ना? मी जबरदस्ती केली का?"

फुपी म्हणाली, "जबरदस्ती नाही केलीस. पण विचारलंसही नाहीस. घर पाडायचं ठरवलंत, नकाशा काढलात, त्यात माझी खोली कुठे आहे, हे कुणी दाखवलं? मी वर्षातून चार दिवस येते, माजघरात झोपते. अम्मीचा शेवटचा श्वास मी त्या माजघरात पाहिला. तू तेव्हा कुवेतला होतास. मला पैसे नकोत, जमीन नको. मला विचारलं असतं तर मी दिलंच असतं. तुम्ही विचारलं नाहीत, सही मागितलीत."

चाचांना राग आला. खोटं कशाला सांगावं, आम्हालाही आधी थोडा रागच आला. इतक्या लांबून आलोय, वकिलाची फी दिली आहे, आणि आता ही ऐनवेळी! चाचा म्हणाले, "मग फोनवर हो का म्हणालीस?" फुपी म्हणाली, "धाकट्या भावाला नाही म्हणायची सवय नाही म्हणून." मग ती उठली आणि मुलांना सांदणं वाटायला बाहेर गेली.

वाड्यातून आम्ही थिबा पॉइंटला गेलो. तिथून भाट्याची खाडी दिसते, पूल दिसतो, राजिवड्याची वस्ती आणि होड्या दिसतात, आणि पुढे समुद्र. ऊन उतरत होतं. मुलं फोटो काढण्यात गुंतली. मोठी माणसं गप्प होती. परतताना राजाची समाधीही पाहिली, शहरातच आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन या समाधीपाशी येऊन गेले होते. ज्या माणसाला घरी जाऊ दिलं नाही, त्याच्या देशाचा प्रमुख इतक्या वर्षांनी त्याला भेटायला आला. फुपीने समाधीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "उशीर झाला."

रात्री लॉजवर चाचांनी वही काढली. हिशेब साधा होता, दहा मिनिटांचा. दादांच्या मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलाला दोन भाग, मुलीला एक. पाच भागांतला एक भाग फुपीचा. दादांच्या इंतकालाला एकतीस वर्षं झाली. इतकी वर्षं हा पाचवा हिस्सा फुपीचा होता आणि आम्ही सगळे नमाज-रोजे सांभाळणारे लोक त्यावर आरामात बसलो होतो. नारळ-आंब्याचं उत्पन्न आलं, ते दोन घरांत वाटलं गेलं. फुपीला दरवर्षी एक पेटी आंबे पाठवत होतो, आणि तेही उपकार केल्यासारखे.

आमच्या भावाने बाजू मांडून पाहिली. "बहिणीने खुशीने सोडलं तर चालतं की." चालतं, हे खरं. पण जाणकार सांगतात ते त्याच्या पुढचं आहे: हिस्सा किती ते तिला आधी सांगा, तो तिच्या हाती द्या, आणि मग तिने मनापासून परत दिला तर घ्या. आपल्याकडे क्रम उलटा असतो. हिस्सा किती हे तिला कुणी सांगत नाही, हाती तर कधी येतच नाही, आणि सोडल्याचा कागद मात्र तयार असतो. लाजेने दिलेल्याला खुशी म्हणायचं का, हे आम्ही त्या रात्री एकमेकांना विचारलं. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो नाही. चाचा सकाळच्या चहाला फुपीशी फारसं बोलले नाहीत. फुपीनेही विषय काढला नाही. गाडीत सगळे मुलांशीच बोलत होते. चिपळूणला फुपीला उतरवलं तेव्हा तिने रिकामा डबा आणि ती छोटी पिशवी घेतली. आधार कार्ड, दोन फोटो, चष्मा. जसे आणले तसे परत गेले.

पुढचा महिना कठीण गेला. चाचा नाराज होते, चाची त्यांच्याहून जास्त. "आता सगळ्या बहिणी उठतील," असं नात्यातल्या एकाने आम्हाला ऐकवलंही. आम्ही फुपीला फोन करायचो तेव्हा ती तब्येतीचं बोलायची, पावसाचं बोलायची, घराचं बोलायची नाही. तिला भीती वाटत असावी की एक वाक्य बोललं आणि माहेर गेलं.

मग एके दिवशी चाचांनीच तिला फोन केला. आम्ही समोर होतो. ते माफी वगैरे काही म्हणाले नाहीत. आमच्या चाचांचा तो स्वभाव नाही. त्यांनी विचारलं, "आपा, तुझी खोली खाडीच्या बाजूला हवी की विहिरीच्या?" पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग फुपी म्हणाली, "विहिरीच्या. खाडीवरचा वारा सोसत नाही आता."

नवा नकाशा आला आहे. सातबाऱ्यावर तीन नावं लागायची प्रक्रिया चालू आहे: फुपीचं, चाचांचं आणि अब्बांच्या वारसांचं म्हणून आमचं. गेल्या एकतीस वर्षांच्या उत्पन्नाचा अचूक हिशेब आता लागणार नाही. चाचांनी आणि आम्ही मिळून अंदाजाने एक रक्कम ठरवली आणि फुपीच्या खात्यात टाकली. तिने त्यातून काय केलं माहीत आहे? चिपळूणच्या घराची गळकी कौलं बदलली. गेली कितीतरी वर्षं पावसाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात बादली ठेवलेली असायची. आम्ही ती बादली दरवेळी पाहत होतो.

थिबा राजाचा वाडा नक्की बघायला जा. मुलांना न्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्या. खालच्या मजल्यावर बसून बघण्यासारखंही पुष्कळ आहे. समाधीही पाहा. जफरची गोष्ट मुलांना तिथेच सांगा, त्यांच्या लक्षात राहील. दोन राजांची घरं परक्यांनी हिसकावली, हे इतिहासात लिहिलेलं आहे. आपल्या घरातून बहिणी कशा बाहेर पडल्या, हे कुठे लिहिलेलं नसतं. ते फक्त कागदावर कुणाचं नाव नाही, यावरून कळतं.

म्हणून एवढंच करा. परत आल्यावर कपाटातली ती जुनी फाइल काढा. दादांच्या, नानांच्या नावाचा सातबारा किंवा घरपट्टीचा उतारा बघा. त्यांना किती मुली होत्या, ते बोटांवर मोजा. मग उताऱ्यावरची नावं मोजा. आकडे जुळले तर शुक्र करा. जुळले नाहीत, तर फोन उचला. फुपी अजून हयात असेल तर उशीर झालेला नाही.